सेफालूतल्या अनोळखी माणसांचे आभार

सिसिलीतल्या सेफालूला आईबाबांना घेऊन गेलो होतो. गावामागचा ‘ला रोक्का’ हा कडा सुमारे 270 मीटर उंच. उतरताना चुनखडीच्या गुळगुळीत दगडांवर आईचे पाय लटपटायला लागले. वर निघालेलं एक तरुण जोडपं आपली चढण सोडून वळलं आणि तिला दोन्ही बाजूंनी धरून अगदी खालपर्यंत घेऊन आलं. किती हळू, किती जपून!

किनाऱ्यावर छत्र्या भाड्याने देणाऱ्या काकांनी तिला आरामखुर्ची दिली, पैसे मात्र घेतले नाहीत. राजा रॉजर दुसरा याने 1131 मध्ये पाया घातलेलं कॅथेड्रल, त्यातली सोनेरी मोझेक चित्रं आईने दुसऱ्या दिवशी डोळे भरून पाहिली, ती तुमच्यामुळेच. तुम्हा तिघांचे मनापासून आभार.