बफिंगच्या आधी नंबर उतरवून घ्या

मा. संपादक,

स. न. वि. वि.

आपल्या रविवार पुरवणीत विमानांच्या भंगारातून घडवलेल्या फर्निचरवर लेख आला होता. इंजिनाच्या कडीत बसवलेलं घड्याळ, पंखाच्या पत्र्याचं टेबल, खिडकीच्या चौकटीतला आरसा. कारागिराचा हात चांगला आहे यात शंका नाही. पण बोलता बोलता त्याने एक गोष्ट सांगितली आहे: माल आला की आधी रंग, स्टिकर आणि पाट्या काढून टाकायच्या, मग बफिंग, म्हणजे घासून चकाकी आणणं, करायचं. ते वाचल्यापासून मी अस्वस्थ आहे, म्हणून हे पत्र.

माझी नोकरी सांताक्रूझला, हँगरमागच्या इन्स्ट्रुमेंट शॉपमध्ये झाली. अल्टिमीटर (उंची दाखवणारा), एअरस्पीड इंडिकेटर (वेग दाखवणारा), गायरो (दिशा आणि कल दाखवणाऱ्या उपकरणांतला फिरता भाग) उघडायचे, साफ करायचे, बेंचवर तपासायचे आणि शिक्का मारून परत द्यायचे, हे काम. निवृत्तीनंतर हीच उपकरणं चोरबाजारात आणि कुर्ल्याच्या भंगारवाल्यांकडे दिसू लागली. तेव्हापासून जमवतो आहे. डोंबिवलीच्या आमच्या घरातली एक अख्खी भिंत त्यांनी अडवली आहे आणि घरच्यांनी ती मला बिनतक्रार दिली आहे. डकोटा विमानाचा तीन काट्यांचा अल्टिमीटर, फोकर फ्रेंडशिपच्या कॉकपिटमधलं घड्याळ, बोइंग ७०७ ची खिडकी, काही टर्बाइन ब्लेड. बाजारात या वस्तूंचा भाव चकाकीवर ठरतो. मी मात्र वस्तू हातात घेतली की आधी पाटी शोधतो.

विमानाच्या बहुतेक महत्त्वाच्या भागांवर धातूची छोटी पाटी रिव्हेट केलेली असते. बनवणाऱ्याचं नाव, पार्ट नंबर, सीरियल नंबर आणि शेजारी तपासनिसाचा नखाएवढा शिक्का. त्या शिक्क्यातला क्रमांक त्या एका माणसाचा असतो, दुसरा कुणी तो वापरत नाही. पत्र्याच्या आतल्या बाजूला, गंज रोखणाऱ्या पिवळट हिरव्या झिंक क्रोमेट रंगाच्या थरावर, असेच शिक्के आणि पेन्सिलीच्या खुणा सापडतात. पार्ट नंबरवरून तो भाग कोणत्या जातीच्या विमानाचा हे कळतं. सीरियल नंबर हाती असला आणि लॉगबुकं किंवा शॉपची कार्डं कुठे शिल्लक असली, तर तो कोणत्या विमानात कधी बसवला आणि का काढला, इथवर पोचता येतं. पाटी उखडली की उरतं नुसतं अ‍ॅल्युमिनियम.

नंबर जपल्याने काय साधतं, याचं मला सगळ्यात आवडणारं उदाहरण लिबरेटरचं आहे. दुसरं महायुद्ध संपल्यावर कानपूरच्या चकेरी तळावर ही चार इंजिनांची अमेरिकन बॉम्बर विमानं टाकून दिलेली होती, तीही पुन्हा उडू नयेत म्हणून मुद्दाम मोडतोड करून. बंगळूरच्या हिंदुस्थान एअरक्राफ्टच्या माणसांनी त्या ढिगातून ४० हून अधिक विमानं उभी केली. चकेरीत उडण्यापुरती डागडुजी व्हायची आणि जमशेद मुन्शी नावाचे वैमानिक ती बंगळूरला उडवत न्यायचे. त्या उड्डाणांचा विचार आला की आजही माझ्या अंगावर काटा येतो. दुरुस्तीनंतर ती हवाई दलात गेली. ती उडवणाऱ्यांतली ६ नंबरची स्क्वाड्रन, म्हणजे हवाई दलाची तुकडी, तेव्हा आपल्या पुण्यात होती. समुद्रावरच्या टेहळणीसाठी १९६८ पर्यंत लिबरेटर आपल्याकडे उडत होती. तोवर इतर देशांनी आपली बहुतेक वितळवून टाकलेली होती. म्हणून मग ब्रिटन, अमेरिका, कॅनडाच्या संग्रहालयांना ती भारताकडून न्यावी लागली. ब्रिटनला १९७४ मध्ये गेलेल्या लिबरेटरचा मूळ नंबर केएन ७५१, आपल्याकडचा एचई ८०७. युद्धात हिंदी महासागरातल्या कोकोस बेटांवर ९९ क्रमांकाची ब्रिटिश स्क्वाड्रन, मग कानपूरचा ढीग, मग आपलं हवाई दल आणि शेवटी इंग्लंडमधलं संग्रहालय, असा त्या एका विमानाचा प्रवास लिहिता आला. दोन देशांतल्या कारकुनांनी आणि मेकॅनिकांनी नंबर नीट लिहून ठेवले होते, म्हणून.

आमच्या शॉपमध्ये एक ज्येष्ठ तंत्रज्ञ होते, आम्ही त्यांना मास्तर म्हणायचो. उपकरण बंद करण्याआधी केसच्या आतल्या बाजूला ते सुईने तारीख आणि आपली दोन अक्षरं कोरायचे. त्यांच्याकडून ती सवय आम्हा सगळ्यांना लागली. काही वर्षांपूर्वी कुर्ल्याच्या एका लॉटमधून मी आर्टिफिशियल होरायझन, म्हणजे विमान किती कललं ते दाखवणारं उपकरण, घेतला. घरी उघडला तर आत मास्तरांची अक्षरं, आणि तारीख मी नोकरीला लागण्याच्याही आधीची. मास्तर तेव्हा हयात नव्हते. त्यांच्या मुलाला बोलावून दाखवलं, आणि पुढच्या भेटीत तो त्याच्या नातीला घेऊन आला, पणजोबांचं अक्षर दाखवायला. पण त्या उपकरणाची बाहेरची पाटी कुणीतरी आधीच काढलेली होती, स्क्रूची चार भोकं तेवढी होती. त्यामुळे ते कुणी दुरुस्त केलं हे मला ठाऊक आहे आणि ते कोणत्या विमानात उडलं हे आता कधीच कळणार नाही. विकणाऱ्याला विचारलं तर म्हणाला, पितळ वेगळं विकलं. त्याला दोष देत नाही, त्याला कुणी सांगितलंच नव्हतं.

अपघातग्रस्त विमानांच्या अवशेषांबद्दल मात्र मला वेगळं आणि ठाम बोलायचं आहे. ते संग्रहाची वस्तू नाहीत. एअर इंडियाचं ‘कांचनजंगा’ हे बोइंग ७०७ मुंबईहून लंडनला निघालं होतं. २४ जानेवारी १९६६ रोजी जिनिव्हाला उतरण्याच्या बेतात असताना ते आल्प्समधल्या माँ ब्लाँ पर्वतावर आदळलं. ११७ माणसं गेली, त्यात डॉ. होमी भाभा होते. त्याच पर्वतावर ३ नोव्हेंबर १९५० रोजी एअर इंडियाचंच ‘मलबार प्रिन्सेस’ कोसळलं होतं, त्यात ४८ जण गेले. दोन्ही विमानांचे अवशेष बोसाँ हिमनदी आपल्याबरोबर हळूहळू खाली आणते आहे आणि बर्फ वितळतो तसे ते उघडे पडतात. २०१२ मध्ये आपल्या परराष्ट्र मंत्रालयाची टपालाची पिशवी सापडली, आत वर्तमानपत्रं आणि एअर इंडियाचं कॅलेंडर. ती भारताच्या प्रतिनिधींकडे सोपवली गेली. २०१३ मध्ये एका गिर्यारोहकाला पाचू, नीलम, माणकांची पेटी मिळाली, ती त्याने सरळ पोलिसांत जमा केली. वारस सापडले नाहीत, तेव्हा २०२१ मध्ये कायद्याप्रमाणे निम्मे खडे त्याला आणि निम्मे शामोनी गावाला मिळाले. २०२० मध्ये तिथल्या एका कॅफेवाल्याला इंदिरा गांधी पंतप्रधान होणार या मथळ्याची वर्तमानपत्रं सापडली, त्याने ती वाळवून लोकांना पाहायला ठेवली. या तिघांच्या वागण्याबद्दल मला मनापासून आदर आहे. २०१७ मध्ये तिथेच मानवी अवयवही सापडले. ज्या बर्फातून माणसं बाहेर येत आहेत, तिथला पत्रा विकत घेऊन भिंतीवर कसा लावायचा? ‘कांचनजंगाचा तुकडा’ म्हणून मला एकाने फोटो पाठवून भाव विचारला होता. मी नाही म्हटलं, आणि आपल्या वाचकांनीही नाही म्हणावं अशी माझी विनंती आहे.

या अपघातांकडे मला तटस्थपणे पाहता येत नाही, त्याला माझं काम कारण आहे. कांचनजंगाचा एक व्हीओआर रिसीव्हर, म्हणजे जमिनीवरच्या रेडिओ केंद्रावरून दिशा दाखवणारं उपकरण, बंद होता. वैमानिकाने आपली जागा चुकीची धरली, नियंत्रकाने रडारवर पाहून सुधारून सांगितलं, पण शब्द पुरेसे नेमके नव्हते आणि वैमानिकाला वाटलं आपण डोंगर ओलांडला. १ जानेवारी १९७८ च्या रात्री ‘सम्राट अशोक’ हे बोइंग ७४७ सांताक्रूझहून उडालं आणि वांद्र्यासमोर समुद्रात कोसळलं, २१३ जण गेले. कॅप्टनसमोरचा अ‍ॅटिट्यूड इंडिकेटर बिघडला होता आणि काळोख्या समुद्रावर विमान कोणत्या बाजूला कलतंय हे त्याला उमगलं नाही. माझ्या भिंतीवर ज्या जातीची उपकरणं आहेत, त्यांच्यावर कुणाचा जीव अवलंबून असतो हे मला रोज आठवतं. त्या रात्री गेलेल्यांचे नातलग याच शहरात राहतात. किनाऱ्यावर किंवा कोळ्याच्या जाळ्यात कधी काही आलंच, तर ते पोलिसांकडे जावं.

आता नव्याने जमवू लागलेल्या तरुणांसाठी दोन गोष्टी. भंगारात आलेला चांगला भाग मधोमध कापलेला किंवा भोकं पाडलेला दिसला की अनेकजण हळहळतात. तो मुद्दाम निकामी केलेला असतो. इंजिनाच्या टर्बाइनची डिस्क दिसायला नवी कोरी असते, पण तिच्या उड्डाणांच्या फेऱ्या मोजलेल्या असतात आणि त्या संपल्या की तिला उडण्याचा हक्क नसतो. असा भाग पॉलिश होऊन, खोट्या कागदांसह पुन्हा विमानात शिरला तर माणसं मरतात. ८ सप्टेंबर १९८९ रोजी नॉर्वेचं एक कॉनव्हेअर विमान डेन्मार्कजवळ समुद्रात पडलं आणि ५५ जण गेले. शेपटीचे बोल्ट बनावट निघाले होते. म्हणून कापलेला भाग तसाच घ्या, तो जोडून अखंड करू नका.

दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची. महायुद्धाच्या काळातल्या डायलवरचे आकडे आणि काटे रेडियमच्या रंगाने रंगवलेले असायचे. आज ते अंधारात चमकत नाहीत म्हणून निर्धोक आहेत असं समजू नका. चमकणारं द्रव्य झिजून गेलेलं असतं, रेडियम तिथेच असतं, आणि ते निम्मं व्हायला १६०० वर्षं लागतात. अशा उपकरणाची काच काढू नका, रंग खरवडू नका, लहान मुलांच्या खोलीत ठेवू नका. मी स्वतः असे जुने डायल आता घेतच नाही. तसंच जुन्या ७४७ च्या शेपटीतली समतोलाची काही वजनं युरेनियमची असायची. हाताला आकाराच्या मानाने फारच जड लागणारा तुकडा कुणी देऊ केला तर तो कापायला किंवा घासायला घेऊ नका. लढाऊ विमानाचं इजेक्शन सीट किंवा आग विझवायची बाटली आली तर त्यातली काडतुसं काढली आहेत याची जाणकाराकडून खात्री होईपर्यंत हात लावू नका.

२६ सप्टेंबर २०२५ ला चंडीगडमध्ये हवाई दलाचं मिग-२१ हे लढाऊ विमान निवृत्त झालं. त्यातली शेकडो विमानं नाशिकजवळ ओझरला बांधली गेली. ती बांधणारे हात आता सत्तरी-ऐंशीतले आहेत. येत्या काही वर्षांत त्या विमानांचे पत्रे, डायल, टायर लिलावात येतील, कीचेन आणि टेबलं होतील. होऊ देत. पण ज्याच्या हातात ते येईल त्याने पाटीचा फोटो काढावा, नंबर वहीत लिहावा, लिलावाची पावती त्या वस्तूबरोबर ठेवावी. पाटी काढावीच लागली तर ती टेबलाच्या खालच्या बाजूला परत ठोकावी. याला खर्च काहीच नाही, आणि पावती असली की माल चोरीचा नाही याचा पुरावाही राहतो.

मोठी विमानं सांभाळायला जागा आहेत. वरळीच्या नेहरू विज्ञान केंद्राच्या आवारात मरुत हे भारतात बनलेलं लढाऊ विमान उभं आहे, गोव्यात दाबोळीजवळच्या नौदल विमान संग्रहालयात सुपर कॉन्स्टलेशन हे चार इंजिनांचं जुनं विमान आहे, ती पाहायला मुलांना जरूर न्या. माझी काळजी घराघरांतल्या लहान वस्तूंची आहे. निवृत्तीच्या दिवशी मिळालेला ब्लेड, वडिलांच्या टूलबॉक्समधला पाना, हवाईसुंदरी असलेल्या मावशीने आणलेला ट्रे. या वस्तू कुणी कुणाला देऊ नयेत, घरातच राहू द्याव्यात. फक्त त्यांची एक नोंदवही असावी: वस्तू काय, नंबर काय, कुणाकडून आली, त्यांनी काय सांगितलं. एखाद्या महाविद्यालयाच्या एअरोनॉटिकल विभागाने किंवा जिल्हा ग्रंथालयाने ती ठेवली तरी पुरे. आणि संपादक महाशय, आपल्या पुरवणीने सुरुवात करून दिली तर फार उपकार होतील. दर रविवारी एका वाचकाकडची एक पाटी छापा, नंबरासकट. ओझर, सांताक्रूझ, लोहगाव, सोनेगाव इथल्या माझ्यासारख्या निवृत्तांपैकी कुणी ना कुणी तो नंबर ओळखेल आणि आपल्याला लिहील. माझ्याकडची यादी मी फोटोंसह वेगळ्या टपालाने पाठवत आहे. ज्या वस्तूंची पाटी नाही त्यांच्यासमोर रकाना रिकामा सोडला आहे. कुणाला त्यातलं काही सांगता आलं तर कळवावं.

आपला,
एक निवृत्त विमान तंत्रज्ञ
डोंबिवली (पूर्व)