आई-बाबा, माझा व्हिसा आला. आता तुमचे पासपोर्ट

पुणे,
5 ऑक्टोबर 2025

ती. बाबा आणि आई,
साष्टांग नमस्कार.

दसऱ्याला फोनवर व्हिसा आल्याचं सांगितलं, तेव्हा बाबा "बरं झालं" म्हणाले आणि फोन आईकडे दिला. आई, तू लगेच ईराच्या स्वेटरचं माप विचारलंस. काय समजायचं ते मी समजले. फोनवर मी भराभर बोलत सुटते, तुम्ही "हो, हो" म्हणता आणि मुद्द्याचं राहून जातं. म्हणून आज ईरा झोपल्यावर लिहायला बसले आहे.

जायचं ठरलं आहे. जानेवारीच्या दुसऱ्या आठवड्यात मी जर्मनीत स्टुटगार्टला जाईन, निखिल आणि ईरा शाळेचं वर्ष संपल्यावर एप्रिलमध्ये येतील. हे आधी का बोलले नाही, असं बाबांच्या मनात असणार. बाबा, दादाच्या वेळी घर किती दिवस "होणार की नाही"वर टांगलेलं होतं ते मी पाहिलं आहे. रोज संध्याकाळी तेच बोलणं, आणि आईचं ते जागरण. तेव्हाच ठरवलं होतं की माझ्यावर अशी वेळ आली तर पासपोर्टवर व्हिसा चिकटेपर्यंत घरात विषय काढायचा नाही. तरी उन्हाळ्यात मी जन्मदाखला मागितला तेव्हा बाबांना अंदाज आला असावा. तुम्ही एका शब्दाने विचारलं नाहीत, म्हणून मला रेटता आलं.

पैशासाठी चालले आहे असं कृपा करून मनात आणू नका. पैसा आहेच, तो नाही म्हणत नाही. पण गाड्यांच्या ब्रेकच्या ज्या चाचण्या मी इथे स्क्रीनवर आकडे बघून करते, त्या तिथे गाडी ट्रॅकवर नेऊन होतात. कंपनीनं दोनदा विचारलं. तिसऱ्यांदा विचारतील असं नाही, आणि माझंही वय थांबत नाही. ईरा सात वर्षांची आहे, नवी भाषा या वयात पटकन येते. आणखी चार वर्षांनी तिला हलवणं कठीण गेलं असतं. निखिलनं नोकरी सोडायला होकार दिला, त्याबद्दल त्याला काही बोलू नका. त्याच्या आईचंही बोलून झालं आहे.

आता कागदांचं सांगते, कारण बाबांचा जीव त्यातच अडकलेला असणार.

मला मिळालाय तो ब्लू कार्डासाठीचा, म्हणजे तिथे राहून नोकरी करायच्या परवान्यासाठीचा व्हिसा. पदवी आणि ठरावीक पगाराची नोकरी असेल तर तो देतात; 2025 साठी वर्षाला 48,300 युरोंची मर्यादा आहे, माणसांची टंचाई असलेल्या कामांना त्याहून कमी. माझा पगार त्याच्या वर आहे. आपलं विद्यापीठ आणि पदवी त्यांच्या यादीत बसते का, हे आधी तपासावं लागतं. त्या उत्तराची वाट बघण्यात सगळ्यात जास्त वेळ गेला. मधे एका एजंटनं सगळ्या दाखल्यांना अपॉस्टिल, म्हणजे कागद परदेशात खरा धरावा म्हणून मारतात तो सरकारी शिक्का, करून घ्या म्हणून बरेच पैसे सांगितले होते. भारताच्या अपॉस्टिलला जर्मनीचा आक्षेप आहे, तिथे ते धरतच नाहीत. बाबा म्हणतात तेच खरं, फॉर्म स्वतः वाचावा आणि स्वतः भरावा.

तिथे पोचल्यावर दोन आठवड्यांत पत्त्याची नोंदणी करायची. त्यासाठी घरमालकाच्या सहीचा कागद लागतो, तो द्यायला मालकीणबाई तयार आहेत. मग परदेशी नागरिकांच्या कार्यालयात बोटांचे ठसे, आणि काही आठवड्यांनी निवासाचं कार्ड. आणि जे मी सगळ्यात आधी शोधून काढलं, ते नीट वाचा. ब्लू कार्ड असलेल्या माणसाला सलग बारा महिन्यांपर्यंत देशाबाहेर राहिलं तरी कार्ड गमवावं लागत नाही. नोकरी एवढी रजा देणार नाही, हे मला कळतं. पण नंदूकाकांच्या वेळी जे झालं, ते आपल्याकडे कागदामुळे तरी होणार नाही. कार्ड हातात यायच्या आधीसुद्धा मला येता येईल, व्हिसा मल्टिपल एंट्रीचा आहे. रात्री फोन केलात तर सकाळच्या विमानात बसेन.

बाबा, तुम्ही पाठवलेला जन्मदाखला मी तीनतीनदा काढून बघते. जुन्या दाखल्यावर बाळाच्या नावाची जागा कोरी होती, कारण नोंद झाली तेव्हा बारसं व्हायचं होतं. नाव घालून घ्यायला तुम्ही या वयात महापालिकेत किती फेऱ्या मारल्यात ते मावशीकडून कळलं, मला म्हणालात, "सहज झालं." कव्हरवर तुमच्या अक्षरात पेन्सिलीनं "मूळ प्रत, देऊ नये, फक्त दाखवावी" असं लिहिलेलं आहे. व्हिसाच्या खिडकीवर मी अगदी तसंच केलं.

आणि पासपोर्टबद्दल. आजोबा आणि तुम्ही, दोघांची हयात सिक्युरिटी प्रेसमध्ये गेली. माझा पहिला पासपोर्ट आला तेव्हा तुम्ही फोटोचं पान पाहिलंच नाहीत. खिडकीजवळ जाऊन पानं अंगठ्यानं चाळलीत, नंबराची भोकं शेवटच्या पानापर्यंत एका रेषेत आहेत का ते उजेडात धरून बघितलंत, शिवण चाचपलीत आणि मग म्हणालात, "घे, चांगला आहे." देशभर जाणाऱ्या त्या पुस्तिका नाशिकरोडला छापल्या जातात आणि आपल्या घरात तुमच्या दोघांच्या नावाची एकही नाही. आम्हाला कुठे जायचंय, असं तुम्ही म्हणत आलात. आता जायचं आहे. या पत्रातलं बाकी सगळं विसरलात तरी चालेल, एवढं काम मात्र करायचंच.

तुम्ही उन्हाळ्यात तिकडे यावं, असं माझ्या मनात आहे. पर्यटक म्हणून मिळणारा शेंगेन, म्हणजे युरोपातल्या बऱ्याच देशांना मिळून चालणारा व्हिसा 180 दिवसांत 90 दिवस राहू देतो. मी तिथल्या कार्यालयात तुमच्या खर्चाचं हमीपत्र करून पाठवीन. 30,000 युरोंचा प्रवास-विमा लागतो, तो मी इथूनच काढते. व्हिसाची फी माणशी 90 युरो आहे, तिचा विचार करत बसू नका. अर्ज सहा महिने आधीपासून करता येतो. म्हणून पासपोर्ट दिवाळीनंतर लगेच हातात हवेत.

पुढचंही विचारून ठेवलं आहे. 1 मार्च 2024 पासून तिथे नियम बदलला. त्यानंतर पहिल्यांदा परवाना मिळालेल्या कुशल कामगाराला आई-वडिलांना राहायला नेता येतं. पण त्यांचा सगळा खर्च आणि आरोग्य विमा आपण दाखवावा लागतो. माझ्या विम्यात निखिल आणि ईरा जादा पैसे न भरता येतील, तुम्ही त्यात बसत नाही. या वयात वेगळा विमा मिळणं महाग आणि अवघड आहे, हे लपवत नाही. शिवाय जेलरोडचं अंगण सोडून तुम्ही कायमचे याल असं मला वाटतही नाही, मागणारही नाही. फक्त दार उघडं आहे, एवढं तुम्हाला माहीत असावं.

आई, तुझ्या कागदांचं जरा बघावं लागेल. तुझा वाढदिवस आपण नागपंचमीच्या मागेपुढे करतो, पण शाळा सोडल्याच्या दाखल्यावर गुरुजींनी लावलेली 1 जून आहे. पॅनवर 1 जून, आधारवर तिसरंच काहीतरी. पासपोर्टला एकच तारीख सगळीकडे हवी, त्यामुळे आधारवर 1 जून करून घ्यायची. वाढदिवस आपण नागपंचमीलाच करू. लग्नाआधीचं नाव लपवायचं नाही, "पूर्वी दुसऱ्या नावानं ओळखले जात होता का" या रकान्यात ते जातं. लग्नाचा दाखला मागत नाहीत, तो नियम डिसेंबर 2016 मध्येच गेला. आणि तू दहावी नाहीस म्हणून अडेल, अशी भीती तुला मावशीनं घातली आहे ना? पन्नाशीच्या पुढच्यांना ती अटच नाही. नववीपर्यंत शिकून तू आम्हा दोघांची गणितं घेतलीस, पासपोर्टच्या खिडकीला काय घाबरतेस?

बाबांच्या आधारवर अजून नेहरूनगरच्या क्वार्टरचा पत्ता आहे. तो बदलल्याशिवाय अर्ज भरायचा नाही, नाहीतर पोलीस चौकशीचा कागद तिकडे जाईल. फी 1,500 रुपये, साठीच्या पुढे दहा टक्के सवलत, म्हणजे दोघांचे 2,700. कोणाही एजंटला यापेक्षा एक रुपया द्यायचा नाही.

माझ्या जेवणाखाण्याची काळजी सोडा. घर दोन खोल्यांचं आहे, तळमजल्यावर, सगळीकडे हीटर आहे, अंघोळीला गरम पाणी चोवीस तास. ट्राम कोपऱ्यावरून मिळते. तूरडाळ, पोहे, तांदळाचं पीठ सगळं मिळतं, निखिलच्या मित्रानं दुकानाचा फोटो पाठवला आहे. गोडा मसाला, मेतकूट, कुरडया आणि लसणाची चटणी तुझ्या हातची नेईन. पण तूप आणि पेढे देऊ नकोस. युरोपात बाहेरून दुधाचे पदार्थ नेऊ देत नाहीत, विमानतळावर काढून टाकतात. तुझं तूप तिथल्या कचऱ्यात गेलेलं मला बघवणार नाही. तिथे बिनमिठाचं लोणी मिळतं. कढवायचं कसं ते व्हिडिओवर तू उभी राहून दाखव, कारण बेरी कुठल्या रंगाला उतरवायची हे तुझ्याशिवाय कोणाला जमत नाही.

हिवाळ्यात आपल्यात साडेचार तासांचं अंतर असेल, मार्चअखेरपासून साडेतीन. तुमचा दिवेलागणीचा चहा आणि माझी जेवणाची सुट्टी बरोबर जुळते. रोज सहा वाजता मी फोन करणार. शनिवारी ईरा आईबरोबर शुभंकरोति म्हणेल, मराठी सुटू द्यायची नाही हे आमचं ठरलं आहे. लहानपणी बाबा मला सायकलच्या दांड्यावर बसवून मुक्तिधामला न्यायचे, परतताना मी झोपून जायचे, आणि बाबा सायकल हातात धरून चालत घरी आणायचे. आई दारात उभी असायची आणि चप्पल काढून तशीच अंथरुणावर टाकायची. ईराला हे सांगितलं तर म्हणाली, "मग आजोबांना तिथे सायकल घेऊन देऊ या." तिला वाटतं तुम्ही पुढच्याच महिन्यात येणार.

आता जरा ऐका.

बाबा, रक्तदाबाची गोळी जेवणानंतर आठवेल तेव्हा घ्यायची नाही, सकाळी ठरलेल्या वेळी घ्यायची. डब्यात वारानुसार भरून ठेवायच्या. नोव्हेंबरात हयातीचा दाखला मोबाइलवर चेहरा दाखवून होतो, मी दिवाळीत शिकवते, बँकेच्या रांगेत उभं राहायचं नाही. आपलं जॉइंट खातं मला एनआरओ, म्हणजे परदेशी राहणाऱ्या भारतीयांचं खातं, करून घ्यावं लागेल. बँकेतून फोन आला तर घाबरू नका, पण ओटीपी कोणालाही सांगायचा नाही. "तुमच्या मुलीचा व्हिसा अडकला, ती पोलिसांच्या ताब्यात आहे" असा कोणाचा व्हिडिओ कॉल आला तर सरळ बंद करायचा आणि मला किंवा निखिलला लावायचा. असे फोन करून म्हाताऱ्या माणसांना लुबाडतात. न्हाणीघरात धरायला दांडा बसवायचं मी पैसे देऊन सांगून आले आहे, माणूस आला की त्याला परत पाठवू नका. आई, तू गुडघ्यावर बसून भांडी घासणं बंद कर. बाईला पैसे मी देते, तुझ्या "कशाला, दोन तर भांडी"चा विषय संपला. आणि 2027 च्या सिंहस्थात पर्वणीच्या दिवशी रामकुंडावर गर्दीत जायचं नाही. तेव्हा मी सुट्टी काढून येणार आहे, आधी-नंतर शांतपणे जाऊन येऊ.

माझ्या पासपोर्टवर मधलं नाव बाबांचंच आहे, लग्नानंतरही मी बदललं नाही. तिथे नावाच्या रकान्यात तेही जातं, म्हणजे माझ्या निवासाच्या कार्डावर बाबांचं नाव छापून येईल. का कोण जाणे, फॉर्म भरताना त्याचा मला फार आधार वाटला.

उद्या कोजागिरी. दूध आटवलंत तर बाबांच्या पेल्यात साखर बेतानं. मी येत्या शनिवारी सकाळच्या बसनं येते, लॅपटॉप घेऊन. तोवर आईचा शाळेचा दाखला, दोघांचे आधार आणि पॅन, बाबांचं पेन्शनचं पुस्तक आणि लाइट बिल एका फाइलमध्ये काढून ठेवा. दोघांचेही फॉर्म त्याच दिवशी भरू आणि मिळेल ती पहिली अपॉइंटमेंट घेऊ. आई, त्या दिवशी साडी ठरवत बसू नकोस, फोटो तिथेच काढतात.

तुमची,
मनी