फडताळाचं कुलूप

मिरज,
रविवार, रात्र

प्रिय बाळ्या,

सात महिने तुला ना फोन, ना तुझ्या मेसेजला उत्तर. शिव्या घालून झाल्या असतील तर पुढे वाच. मी बरा आहे, बीपीची गोळी चालू. आईचा गुडघा आहे तसाच.

सुध्याचं सांगायचंय. दुसऱ्या कुणाला सांगायचं तर त्या रात्रीच्या प्लॅटफॉर्मपासून सुरुवात करावी लागेल. तुला नाही.

सोमवारी आईनं तुळशीची माती बदलायला घेतली, तर मातीत गोळ्या. ओलान्झापिनच्या, त्याला ऐकू येणाऱ्या आवाजांवरच्या. बावीस मोजल्या, विरघळलेल्या वेगळ्या. विचारलं तर म्हणाला, "दादा, पिंकीच्या लग्नात सगळे मलाच बघणार." गोळी लागल्यापासून दीड वर्षात एकोणीस किलो वाढलाय रे. आवाज थांबले, रात्रीची झोप लागायला लागली, आणि आम्ही घरच्यांनी काय केलं, तर त्याला खादाड ठरवलं. मी फडताळाला कुलूप घातलं. किल्ली करदोट्याला. हसू नकोस.

एकदा रात्री दोनला उठलो तर हा अंधारात उभ्यानं कच्चे पोहे खातोय. म्हणाला, "पोट भरलंय हे कळतंय, पण डोक्यात कुणी 'बास' म्हणतच नाही." त्यावर मी त्याला मनोनिग्रहाचं व्याख्यान दिलं. मी! तुझ्या ताईच्या लग्नात बारा जिलब्या खाऊन मांडवामागं ओकलेला.

परवा डॉक्टरांनी माझीच शिकवणी घेतली. सुध्या बोलला ते शब्दशः खरं निघालं. हिस्टामिन आपल्याला सर्दीच्या गोळीपुरतं माहीत. मेंदूत ते जागं ठेवतं आणि भुकेला लगाम घालतं. ही गोळी त्याचीच जागा अडवून बसते. शिवाय सेरोटोनिनचा पोट भरल्याचा निरोप जिथं पोचतो, त्यातली एक जागाही अडवते. २००७ साली जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठाच्या लोकांनी उंदरांवर पाहिलं: अशा औषधांनी हायपोथॅलॅमसमधलं, म्हणजे मेंदूच्या भूक सांभाळणाऱ्या भागातलं, एएमपीके नावाचं एन्झाइम चेतलं. पेशीतलं जळण संपत आलं की वाजणारा भोंगाच तो. म्हणजे कोठार भरलेलं आणि भोंगा दुष्काळाचा. ज्या उंदरांत हिस्टामिनची ती जागाच नव्हती, त्यांच्यात तो वाजला नाही.

मग मी घरी येऊन रात्रभर वाचत बसलो. १९९४ मध्ये न्यूयॉर्कला जेफ्री फ्रीडमन यांच्या प्रयोगशाळेत लेप्टिनचं जनुक सापडलं. लेप्टिन म्हणजे चरबीनंच मेंदूला धाडलेला निरोप, साठा आहे म्हणून. १९९७ मध्ये केंब्रिजच्या डॉक्टरांनी दोन चुलत भावंडांबद्दल लिहिलं, त्यांच्यात ते लेप्टिन जवळजवळ नव्हतंच. मुलगी आठ वर्षांची, वजन ८६ किलो. पुढे रोज इंजेक्शन दिलं तशी भूक उतरली, वजनही. तोवर त्या पोरीला आणि तिच्या आईला लोक काय काय बोलले असतील? मी जे सुध्याला बोललो तेच, दुसरं काय. आपल्याला ते इंजेक्शन चालेल का, असं डॉक्टरांना विचारून आलो. नाही चालत. वजन वाढलेल्या बहुतेकांच्या रक्तात लेप्टिन भरपूरच असतं, मेंदूच दाद देत नाही.

आता प्रश्न असा. ही गोळी ठेवून सोबत वजन आवरायला मधुमेहातलं मेटफॉर्मिन द्यायचं, किंवा हळूहळू अरिपिप्राझोलवर, आवाजांवरच्याच दुसऱ्या गोळीवर, जायचं, त्यानं वजन कमी वाढतं. पण बदलताना आवाज परत आले तर? सुध्याला गोळी बदलायचीय, आईला अजिबात नकोय, आणि मी दोघांनाही हो म्हणून मोकळा झालोय. तूर्त जुनीच परत सुरू आहे, आईसमोर गिळतो. मी मध्येच उठून कानोसा घेतो, खोलीत एकटाच बोलत नाही ना.

डोक्याच्या डॉक्टरकडे ने, असं तू म्हणालास तेव्हा मी आठ महिने तुझ्याशी बोललो नव्हतो. तुझं बरोबर होतं. (माझे दोन हजार तू अजून दिलेले नाहीस, तो विषय वेगळा.)

छकुलीला बारावीत चांगले मार्क पडल्याचं कळलं, तिला शाबासकी सांग. फ्लॅटचा ताबा मिळाला का? वहिनींना नमस्कार.

पुढच्या गुरुवारी आमची डॉक्टरांची वेळ आहे, पाच वाजता. येशील? तुझ्यासमोर तो खरं बोलतो. कुलूप काढलंय. काल त्यानं फडताळ उघडून बघितलं आणि नुसतंच बंद केलं. मला आत जाऊन बसावं लागलं.

तुझा,
दिग्या