श्रेय कुंभारांनाही हवे

रविवारच्या पुरवणीतील पूर्व आशियाई मृत्पात्रांवरील लेख वाचला. या कलेचे सारे श्रेय राजदरबार आणि संग्राहकांना देणे पटले नाही. क्योतोच्या दाइतोकुजी मठाच्या संग्रहातील ‘किझाएमोन इदो’ हा वाडगा १६व्या शतकात कोरियातील अनाम कुंभाराने घडवला; बहुधा साध्या घरगुती वापरासाठी. जपानी चहाविधीच्या आचार्यांना त्याच्या ओबडधोबड अंगात, बुडाशी ओघळून गोठलेल्या झिलईत सौंदर्य दिसले. आज तो जपानचा राष्ट्रीय ठेवा आहे. पण १५९२ ते १५९८ च्या स्वाऱ्यांत जपानी सरदारांनी कोरियातून कुंभारच पकडून नेले. जपानमधील आरिता, हागी, सात्सुमा येथील नावाजलेल्या भट्ट्या या कुंभारांनीच उभ्या केल्या. लेखात त्यांचा ओझरताही उल्लेख नसावा, हे फार खटकले.

— एक वाचक, पुणे