मधलं कापून बघ

नौपाडा, ठाणे
रविवार

प्रिय सुध्या,

तुझी यादी पोचली. तुझ्या मते प्रोग्रेसिव्ह रॉकमधली सर्वांत भारी पाच गाणी आणि खाली 'हिंमत असेल तर खोडून दाखव'. व्हॉट्सॲपवर उत्तर टाइप करायला घेतलं, पण असल्या विषयाला अंगठा पुरत नाही. तलावपाळीवर भेटून बोलू म्हणालास, तर तिथे तूच बोलतोस आणि मी भेळ खात मान हलवतो. म्हणून कागद ओढलाय. मध्ये तोंड घालता येणार नाही, शेवटपर्यंत वाच.

आधी भांडणाचं मूळ. तुझ्या पाचात येसचं 'क्लोज टू द एज', जेनेसिसचं 'सपर्स रेडी', पिंक फ्लॉइडचं 'एकोज', इमर्सन, लेक अँड पामरचं 'टारकस' आणि ड्रीम थिएटरचं 'द डान्स ऑफ इटर्निटी' आहेत. 'स्टारलेस' नाही. किंग क्रिम्झनचं एकही गाणं नाही! अरे, १९६९ साली त्यांचा पहिला अल्बम आला नसता तर बाकीचे निम्मे लोक ब्लूजच वाजवत बसले असते.

मला वाटतं तुझी यादी चुकली, कारण तुझी व्याख्याच चुकली. तुझ्या मते आडवातिडवा ताल, वीस मिनिटांची लांबी आणि कीबोर्डांच्या भिंतीआड बसलेला एक माणूस, की झालं प्रोग्रेसिव्ह रॉक, म्हणजे आपलं प्रोग. तालाचं तूच मला सांगू नकोस. दहा वर्षांचा असताना तू तबल्याच्या क्लासात रूपक वाजवायचास. सात मात्रा. झपतालाच्या दहा. त्याला कुणी प्रोग्रेसिव्ह म्हटलं का? पिंक फ्लॉइडचं 'मनी' सातातच आहे आणि ते अख्ख्या जगाच्या तोंडी बसलंय. गिटारचा सोलो आला की तेही गपचूप चारात येतात. आणि ड्रीम थिएटरच्या त्या 'डान्स'मध्ये सहा मिनिटांत शंभराहून जास्त वेळा ताल बदलतो, मान्य. ऐकताना मी हात जोडतो. पण संपल्यावर मनात चाल कुठली उरते? एकही नाही. तो रियाज आहे, अफाट रियाज. पाचातून बाहेर.

लांबीचं तर सरळ तांत्रिक कारण आहे. एलपीच्या तबकडीच्या एका बाजूला वीस-पंचवीस मिनिटं धड आवाजात मावतात. म्हणून 'सपर्स रेडी' तेवीस मिनिटांच्या आसपास, 'एकोज' साडेतेवीस, 'टारकस' वीस. आपल्याला हे कधी जाणवलं नाही, कारण आपण नव्वदच्या कॅसेटवर ऐकत मोठे झालो. एका बाजूत पंचेचाळीस मिनिटं, म्हणजे बहुतेक वेळा अख्खा अल्बम. तुझ्या भावाने भरून दिलेल्या कॅसेटवर 'फॉक्सट्रॉट' अल्बम, ज्याच्या शेवटी 'सपर्स रेडी' आहे, तो संपायच्या आतच टेप संपायची आणि खट्कन बटण उडायचं, तेव्हा मला वाटायचं गाणं असंच संपतं.

आता माझी व्याख्या. गाण्याच्या सुरुवातीला एक चाल येते. मग गाणं तिला सोडून लांब कुठेतरी जातं आणि शेवटी तीच चाल परत येते. ती परत येते तेव्हा तिचं वजन बदललेलं असलं पाहिजे, आणि ते मधल्या प्रवासामुळे बदललेलं असलं पाहिजे. कसोटी सोपी आहे, मधलं कापून बघ. तरीही शेवट तितकाच अंगावर आला तर ते नुसतं लांब गाणं.

हे कापण्याचे प्रयोग खुद्द कंपन्यांनी करून ठेवलेत. येसचं 'राउंडअबाउट' साडेआठ मिनिटांचं. अमेरिकेत रेडिओसाठी ते साडेतीन मिनिटांच्या आत बसवलं आणि ते तिथे त्यांचं पहिलं मोठं हिट झालं. कापूनही चाललं! म्हणजे फार उत्तम गाणं, पण माझ्या हिशेबात प्रोग नव्हे. (चिडलास ना? चीड.) उलट 'एकोज' बघ. पिंक फ्लॉइडच्या २००१ च्या निवडक गाण्यांच्या अल्बमवर ते सोळा-साडेसोळा मिनिटांचं करून घातलंय. सुरुवातीला रिक राइटचा पियानोचा तो एकच सूर, लेस्ली नावाच्या फिरत्या स्पीकरमधून आलेला, पाण्यात थेंब पडल्यासारखा. मूळ गाण्यात मध्ये वारा सुटतो, कसल्या कसल्या किंकाळ्या येतात, सगळं विस्कटून जातं आणि मग तो सूर पुन्हा ऐकू येतो. काटा येतो अंगावर. कापलेल्या गाण्यातही तो येतो, पण आपण कुठे गेलोच नव्हतो, तर परत आल्याचं काय कौतुक? तेव्हा तुझं 'एकोज' यादीत राहील. फ्लॉइडवाले खरे प्रोगवाले का, हा वाद मी घालणार नाही, त्याचा मला कंटाळा आलाय.

'स्टारलेस'कडे येतो. १९७४ चा 'रेड' अल्बम, शेवटचं गाणं, बारा मिनिटं. अल्बम दुकानात यायच्या आधीच गिटारवाल्या रॉबर्ट फ्रिपने बँड मोडल्याचं जाहीर केलं होतं. सुरुवात मेलोट्रॉन नावाच्या कीबोर्डवर. प्रत्येक पट्टीखाली टेपचा एक तुकडा, पट्टी दाबली की व्हायोलिनं वाजतात आणि साधारण आठ सेकंदांत टेप संपते. त्यामुळे त्या सुरांना आतूनच एक थरथर असते. त्यावर गिटारची चाल, मग जॉन वेटन गातो. चारेक मिनिटांत गाणं संपल्यासारखं वाटतं आणि तिथेच खरं सुरू होतं. बासवर तेरा मात्रांचं एक आवर्तन. ते सुचलं बिल ब्रुफर्डला, म्हणजे ड्रमरला. चार-चार-पाच असं मोज, हाताला बसेल. वर फ्रिप एकच सूर वाजवतो. दोन तारांवर तोच सूर, पुन्हा, पुन्हा, पुन्हा. मग थोडा वर चढतो. मग आणखी थोडा. मिनिटांमागून मिनिटं एवढंच! ब्रुफर्ड सुरुवातीला नुसती टकटक करतो, हळूहळू सगळा संच जागा होतो.

मी हे ट्रान्स-हार्बरच्या गाडीत ऐकतो, वाशीला कामाला जाताना. ठाण्याला खिडकी मिळाली तर ऐरोली सुटल्यावर लावतो. घणसोलीच्या आसपास त्या एका सुराने जीव इतका टांगणीला लागलेला असतो की शेजारचा 'जरा सरकून घ्या' म्हणाला तरी मी दचकतो. मग वेग दुप्पट होतो, तेरा तेच, सॅक्सोफोन पिसाटतो आणि शेवटी पहिली चाल परत येते. तोच सूर, तीच चाल, पण सुरुवातीला जी उदास होती ती आता छाती फोडून येते. काप बघू यातलं काही. एक मात्रा काढता येणार नाही.

'सपर्स रेडी'ला मी दुसरा नंबर देतो, आणि तोही तुझ्यामुळे. त्यातल्या 'अपोकॅलिप्स' या भागाच्या नऊ मात्रांवर तू एकदा टेबलावर ठेका धरून दाखवला होतास, टोनी बँक्सचा ऑर्गन त्या नवाला न जुमानता वरून कसा स्वतःच्याच हिशेबात चालतो ते. त्यानंतर सुरुवातीची प्रेमाची ओळ परत येते, पीटर गॅब्रिएलच्या तोंडी. घरातल्या खोलीत सुरू झालेलं गाणं जगबुडी बघून परत आलेलं असतं. कसोटीला शंभर टक्के.

'क्लोज टू द एज' तिसरं. १९७२. ते झाल्या झाल्या ब्रुफर्ड येस सोडून किंग क्रिम्झनमध्ये गेला, हे तू सोयीस्करपणे विसरतोस. त्याला कुठे जायचं ते कळत होतं. येसने पुढे काय केलं? परमहंस योगानंदांच्या 'योगी कथामृत'मधल्या एका तळटीपेवरून श्रुती, स्मृती, पुराण, तंत्र अशा चार बाजूंचा दुहेरी अल्बम. आपल्याकडच्या कीर्तनकारांनाही एवढा विस्तार झेपला नसता. कीबोर्डवाला रिक वेकमन इतका कंटाळला की मँचेस्टरच्या कार्यक्रमात त्याने स्टेजवरच करी खाल्ली. हा किस्सा तो स्वतःच सांगतो. श्रुती-स्मृती चालू असताना करी! मला त्या माणसाबद्दल अतोनात प्रेम आहे.

'टारकस' काढलं. जोर फार, पण गाणं नाही.

पाचवी जागा नव्यांना. पॉर्क्युपाइन ट्रीचं 'ॲनेस्थेटाइझ', २००७, पावणेअठरा मिनिटं, त्यात रश बँडच्या ॲलेक्स लाइफसनचा गिटार सोलो. २००९ च्या डिसेंबरात ते पवईला आयआयटीच्या मूड इंडिगो महोत्सवात आले होते, आणि तू सासरचं लग्न म्हणून आला नाहीस. ते मी अजून माफ केलेलं नाही.

तर 'स्टारलेस', 'सपर्स रेडी', 'क्लोज टू द एज', 'एकोज', 'ॲनेस्थेटाइझ'.

आता तू म्हणशील, 'थिक ॲज अ ब्रिक' कुठे? जेथ्रो टल या बँडने कॉन्सेप्ट अल्बमांची, म्हणजे एकाच कल्पनेभोवती बांधलेल्या अल्बमांची, टिंगल करायला म्हणून एकच गाणं दोन्ही बाजूंवर पसरलं, जवळपास चव्वेचाळीस मिनिटं, आणि टिंगलच सगळ्यांपेक्षा सरस निघाली. त्याला माझी कसोटी कशी लावायची ते मला उमगलेलं नाही. मध्ये तबकडी उलटायला उठावंच लागतं, मग प्रवास एक की दोन? ते काम तुझ्याकडे. उत्तर लेखी पाठव, निदान दोन पानं. आणि त्या 'डान्स'ची बाजू मांडणार असशील तर चाल गुणगुणून रेकॉर्ड करून पाठव, मग बघू.

वहिनींना नमस्कार.

तुझा,
बाळ्या