पहाटे साडेपाचच्या आतली तारीख

रत्नागिरी,
रविवार, नारळी पौर्णिमा नुकतीच झालेली

प्रिय मित्रा,
सप्रेम नमस्कार.

परवा फोनवर तू म्हणालास, "एपीआयच्या ऑटोमेटेड टेस्ट माझ्या गळ्यात पडल्यात. पण २०० आला की झालं ना? अजून काय तपासायचं?" (एपीआय म्हणजे ॲपने सर्व्हरशी बोलायची ठरलेली पद्धत, आणि २०० हा सर्व्हरचा "झालं" सांगणारा कोड.) मी तोंड उघडतोय तोवर रेंज गेली. एका परीने बरं झालं, कारण हे दोन वाक्यांत सांगण्यासारखं नाही.

मिरकरवाडा बंदरातल्या एका मच्छीमार संस्थेसाठी मी नोंदींचं ॲप केलं, ते तुला माहीत आहे. बोट लागली की मासा, वजन, दर असं मोबाइलवर भरायचं आणि सर्व्हरने पावती परत द्यायची. मासेमारी बंदीत, म्हणजे १ जून ते ३१ जुलै या काळात, मी ते लिहिलं. बोटी ताडपत्रीखाली होत्या, मला वेळच वेळ होता. टेस्टही मनापासून लिहिल्या. सगळ्या हिरव्या, म्हणजे पास.

ऑगस्टमध्ये बोटी सुटल्या. आठवड्याभरात एक वयस्क तांडेल (बोटीचे प्रमुख), आपण ज्यांना चाचा म्हणतो तसे, वही घेऊन घरी आले. चिडले नव्हते. वही उघडून ओळीवर बोट ठेवलं आणि म्हणाले, "ही फेरी मंगळवारची. तुझ्या मशीनमध्ये सोमवारची कशी?" डिझेल आणि बर्फ मंगळवारच्या खात्यात, मासळी सोमवारच्या. फेरीचा खर्च वजा करूनच खलाशांचे वाटे पडतात, त्यामुळे दोन्ही दिवसांचे वाटे चुकले होते. मला त्या रात्री झोप लागली नाही. माझ्या कोडमुळे कुणाच्या तरी हातात कमी पैसे पडले होते.

कारण साधं होतं. बोट पहाटे चारला लागली होती. सर्व्हरचं घड्याळ यूटीसीवर, म्हणजे जागतिक प्रमाणवेळेवर, आपलं त्याच्या साडेपाच तास पुढे. म्हणजे रात्री बारापासून पहाटे साडेपाचपर्यंत आपल्याकडे मंगळवार उजाडलेला असतो आणि सर्व्हरकडे अजून सोमवारच असतो. मी मात्र टेस्ट चालवायचो दिवसा, चहा पिऊन झाल्यावर. त्या वेळी दोन्ही तारखा जुळतातच.

पण खरी चूक त्याहून खोल होती. अपेक्षित तारीख मी टेस्टमध्ये हाताने लिहिलीच नव्हती. सर्व्हर जे फंक्शन वापरतो तेच टेस्टमध्ये बोलावून "आजची तारीख" काढली होती. पहाटे चारला टेस्ट चालवली असती तरी ती हिरवीच आली असती, कारण दोघंही एकच चूक करत होते. चाचांची वही वेगळी होती म्हणून चूक सापडली. तेव्हापासून अपेक्षित उत्तर मी स्वतः कागदावर काढतो आणि आकडा म्हणून टेस्टमध्ये लिहितो. टेस्टमध्ये "आत्ता किती वाजले" हेही सर्व्हरला मीच ठरवून देतो. आता दोन टेस्ट कायमच्या आहेत: ५:२९ ची नोंद आणि ५:३० ची नोंद, दोन्हींची तारीख एकच यायला हवी. नोंदीची वेळ साठवताना शेवटी +०५:३० (ही भारतीय वेळ आहे याचं चिन्ह) आहे की नाही, तेही तपासतो.

आता तुझा २००. २०० म्हणजे सर्व्हरने विनंती यशस्वी झाल्याचं सांगितलं, एवढंच. दर न भरता नोंद पाठवली तर माझा सर्व्हर २०० द्यायचा आणि आत जेसनमध्ये, म्हणजे उत्तराच्या मजकुरात, लिहायचा, "नोंद झाली नाही". माझी टेस्ट फक्त २०० बघून खूश. आई सुरमई घेताना कल्ले उघडून बघते, वरच्या चकाकीवर जात नाही. आपणही आतलं उघडून बघायला हवं. चुकीच्या नोंदीला ४०० किंवा ४२२ हा नकाराचा कोड यायला हवा, नवी नोंद झाली तर २०१. आणि नोंद नाकारली असेल, तर यादी पुन्हा मागवून ती खरंच तिथे नाही ना, हे बघायचं. ही शेवटची पायरी बहुतेक जण गाळतात. माझ्या मते तीच सगळ्यात मोलाची.

उत्तराचा साचा तपासायला जेसन स्कीमा (उत्तरात काय काय असावं याची नियमावली) वापरशील तर एक ध्यानात ठेव, मी तिथे फसलो होतो. "प्रॉपर्टीज"मध्ये वजन, दर, तारीख लिहिलं म्हणजे ती असायलाच हवीत असं होत नाही. "रिक्वायर्ड"मध्ये नावं घातली नाहीस, तर रिकामं {} सुद्धा पास होतं. प्रकारही बघ. वजन आकडा म्हणून यायला हवं. अक्षरं म्हणून आलं की क्रम लावताना "१०" हा "९.५" च्या आधी बसतो आणि दिवसातली सगळ्यात मोठी सुरमई भलतीच ठरते. रक्कम मी रुपयांऐवजी पैशांत, पूर्णांकात ठेवतो. ०.१ आणि ०.२ ची बेरीज कॉम्प्युटरवर नेमकी ०.३ येत नाही, ते आपण कॉलेजात पाहिलंच होतं.

अख्खं उत्तर मजकूर म्हणून ताडून बघू नकोस. जेसन ऑब्जेक्टमधल्या नावांच्या क्रमाला अर्थ नसतो, तो उद्या बदलेल आणि टेस्ट उगाच लाल होईल. अशा दोन-चार खोट्या लाल झाल्या की माणसं लालकडे बघायचीच थांबतात. तुझ्या टीममध्ये ते होऊ देऊ नकोस, नव्याने आलायस तरी बोल.

आणि रेंज! पुण्यात बसून तुला हे सुचणार नाही. खाडीच्या तोंडाशी नोंद पाठवली, सर्व्हरने लिहून घेतली, पण पावती परत येईतो रेंज गेली. माणूस पुन्हा बटण दाबणारच. पोस्ट, म्हणजे नवी नोंद करायची विनंती, दोनदा गेली की दोन नोंदी, म्हणजे एकाच मासळीचे दुप्पट पैसे. म्हणून मोबाइल प्रत्येक नोंदीला स्वतःची खूण देतो, आणि टेस्ट तीच खूण घेऊन तीच नोंद दोनदा पाठवते. मग यादीत मोजते: एकच हवी. दोन्ही वेळा पावतीचा क्रमांकही तोच हवा. ही टेस्ट लिहिली तेव्हा ती लगेच हिरवी आली, म्हणून मला शंका आली. सर्व्हरमधली खूण तपासणारी ओळ मुद्दाम काढली, टेस्ट लाल झाली, मग ओळ परत घातली. लाल झालेली न पाहिलेल्या टेस्टवर मी आता विसंबत नाही.

त्या दोन दिवसांचे वाटे संस्थेने पुन्हा काढले आणि फरक दिला. चाचा अजून वही लिहितात. दर शनिवारी मी त्यांच्याकडे जातो, त्यांची बेरीज आणि माझी बेरीज शेजारी ठेवून बघतो. यंदा अजून तरी फरक आलेला नाही.

काकूंना नमस्कार सांग. गणपतीला येशील तेव्हा लॅपटॉप आण, तुझ्या टेस्ट एकत्र बसून बघू. आणि तोवर एवढं शोधून कळव: तुमच्याकडे मध्यरात्रीनंतर ऑर्डर आली तर ती कुठल्या तारखेला पडते?

तुझाच,
घाटाखालचा मित्र