भरती-ओहोटीच्या वेळा पुन्हा छापा

माननीय संपादक,
सप्रेम नमस्कार.

आपल्या रविवार पुरवणीत निवृत्त झालेल्यांनी कुठे फिरायला जावे यावर मोठा लेख वाचला. चारधाम, काशी, सिंगापूर, युरोप सगळे होते. ज्यांना जमते त्यांनी अवश्य जावे. पण माझ्यासारखे, ज्यांचे गुडघे पाच पायऱ्यांवर कुरकुरतात आणि ज्यांना रात्री आपलाच बिछाना लागतो, त्यांच्यासाठी त्यात एकही ओळ नव्हती. म्हणून हे पत्र.

मी एकतीस वर्षे गोव्यात एका बार्ज कंपनीत, म्हणजे नदीतून खनिज वाहणाऱ्या सपाट तळाच्या बोटींच्या कंपनीत, हिशेबनीस होतो. मांडवीवरून मुरगावपर्यंत किती फेऱ्या झाल्या, किती टन खनिज उतरले, तांडेल आणि खलाशांचा भत्ता किती, हे सगळे माझ्या वहीत. पण जहाज मी कधी नीट पाहिले नव्हते. 2012 साली खाणी बंद पडल्या, बार्ज नदीकाठी गंजत उभ्या राहिल्या आणि काही वर्षांनी मीही घरी बसलो. पहिले सहा महिने फार वाईट गेले. सकाळी नऊ वाजले की हात आपोआप डब्याकडे जायचा. मग एकदा मुलाने वास्कोला सड्यावर सोडले आणि तो आपले काम उरकून येईपर्यंत मी तीन तास तिथे बसून राहिलो. त्या दिवसापासून माझी निवृत्ती खऱ्या अर्थाने सुरू झाली.

सड्याच्या त्या टेकाडावरून मुरगाव बंदर हातावर ठेवल्यासारखे दिसते. बाहेर नांगर टाकून उभी असलेली जहाजे सगळी एकाच दिशेला तोंड करून असतात आणि काही तासांनी पाहावे तर सगळ्यांनी मिळून तोंड फिरवलेले असते. वारा आणि पाण्याची ओढ ती फिरवते. माल भरलेले जहाज पाण्यात खोल बसते, रिकामे झाले की तळाचा लाल रंग वर येतो. त्याच्या कुशीवर एक वर्तुळ आणि मधून आडवी रेघ असते. तिच्यावर पाणी चढता कामा नये, इतकाच माल भरायचा. ब्रिटिश खासदार सॅम्युएल प्लिम्सॉल यांनी खलाशांच्या जिवासाठी भांडून 1876 साली तिकडे तसा कायदा करून घेतला, म्हणून ती रेघ आजही त्यांच्याच नावाने ओळखली जाते. ज्या बार्जवाल्यांचे हिशेब मी आयुष्यभर लिहिले, त्यांच्यासारख्यांचे जीव त्या रेघेने वाचवले, हे मला निवृत्त झाल्यावर कळले.

झेंडेही वाचता येतात. अर्धा पांढरा, अर्धा तांबडा झेंडा म्हणजे बंदराचा पायलट जहाजावर चढलेला आहे. नुसता पिवळा म्हणजे जहाजावर सगळे निरोगी आहेत, आत येऊ द्या. भोंग्याचा एक छोटा आवाज झाला तर जहाज उजवीकडे वळते आहे, दोन झाले तर डावीकडे, तीन झाले तर इंजिन मागे घेतले आहे. आता माझी सात वर्षांची नात भोंगा ऐकून मला आधी सांगते.

याच बंदरात मार्च 1943 मध्ये ‘एहरेनफेल्स’ हे जर्मन जहाज उभे होते आणि मित्रराष्ट्रांच्या जहाजांचा ठावठिकाणा पाणबुड्यांना कळवत होते. गोवा तेव्हा पोर्तुगालच्या ताब्यात आणि पोर्तुगाल तटस्थ, म्हणून इंग्रजांना उघड हल्ला करता येत नव्हता. तेव्हा कलकत्त्याच्या एका हौशी पलटणीतले मध्यमवयीन नोकरदार ‘फीबी’ नावाच्या गाळ वाहणाऱ्या बार्जवरून रात्री आले आणि त्या जहाजावर चढले. बार्ज! मी हे वाचले तेव्हा माझ्या जुन्या सहकाऱ्यांना फोन करून सांगितले.

पण पुरवणीतल्या लेखात नसलेली मुख्य गोष्ट वेगळीच आहे. गोव्यात जहाज पाहायचे असो, मगर पाहायची असो की पक्षी, सगळे भरती-ओहोटीवर चालते. खोल बसणारी जहाजे भरतीचे पाणी धरून आत येतात. चोडणला सलीम अली पक्षी अभयारण्यात खाडीतून होडी न्यायची तर पाणी भरलेले हवे. चिखलावर टिपणारे चिखल्या आणि तुतारी हे पक्षी मात्र ओहोटीलाच दिसतात, आणि चिखलावर सरपटत उड्या मारणारे निवटे मासेही तेव्हाच. चुकीच्या वेळी गेलात तर तीच जागा ओसाड वाटते. माझी पत्नी पहिल्या दोन खेपांना म्हणाली, ‘इथे काय आहे हो?’ तिसऱ्या खेपेला पाणी उतरलेले होते. तिवरांच्या मुळांपाशी पांढऱ्या कंठपट्ट्याचा निळा खंड्या बसला होता आणि पलीकडून पाणमांजरांचे एक कुटुंब पोहत गेले. घरी येईपर्यंत ती बोलली नाही, आणि मग रात्रभर तेच बोलत होती.

चोडण ही आमच्यासारख्यांसाठी सर्वांत सोयीची जागा, हे मी ठामपणे सांगतो. अभयारण्य जेमतेम 1.78 चौरस किलोमीटरचे. रायबंदरहून फेरीबोटीने पलीकडे उतरले की दार तिथेच. साध्या फेरीबोटीत पायी जाणाऱ्याला तिकीट पडत नाही.

कुंभारजुव्याच्या कालव्यातल्या मगरी थंडीत पाहाव्यात. सकाळचे ऊन असावे, ओहोटी असावी, म्हणजे त्या काठावर अंग शेकत पडलेल्या दिसतात. आमच्या फोंडा तालुक्यात दुर्भाटला पौष अमावास्येला शेताच्या बांधावर मातीची मगर करून तिची पूजा करतात, माणगें थापणी म्हणतात तिला. ज्या जनावरासोबत पिढ्यान्‌पिढ्या खाजन शेती, म्हणजे खाडीकाठी बांध घालून केलेली शेती, केली त्याच्याशी वागण्याची ही रीत आहे. म्हणूनच एका होडीवाल्याने मगर जवळ यावी म्हणून कोंबडीचे तुकडे फेकले तेव्हा मला फार राग आला. मी त्याला थांबायला सांगितले. बाकीच्या प्रवाशांना ते आवडले नाही, पण मला त्याचे वाईट वाटत नाही.

डॉल्फिनच्या बाबतीतही तेच. आपल्याकडचे कुबडवाले डॉल्फिन किनाऱ्याजवळच्या उथळ पाण्यात राहतात. चार होड्या इंजिने गर्जवत त्यांच्या मागे लागतात, ते मला पाहवत नाही. शिकेरी-आग्वादच्या काठावर सकाळी वारा पडलेला असताना दुर्बीण घेऊन शांत बसा, नशीब असेल तर पाठी दिसतात. दुर्बीण आठपट मोठे दाखवणारीच घ्या. दहापटीत आपल्या हाताची थरथरही दहापट दिसते.

नोव्हेंबर ते मार्च करमळीचे तळे चुकवू नये. कोकण रेल्वेचे स्थानक जवळच आहे, त्यामुळे गाडी नसलेल्यांनाही जाता येते. अडई, तलवार बदके, जांभळ्या पाणकोंबड्या, कमळपक्षी. कुडचड्याचे नंदा तळे 2022 साली आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या रामसर यादीत गेले, गोव्यातले पहिलेच. तिथे मी एकदाच गेलो आहे, या हिवाळ्यात पुन्हा जायचे आहे. मोरजी, आगोंद, गालजीबागेला कासवे अंडी घालायला येतात, पण रात्री टॉर्च घेऊन तिथे जाऊ नये. उजेडाने ती बिचकतात.

आता विनंती. पूर्वी वृत्तपत्रांत बंदरात आलेल्या जहाजांची यादी आणि भरतीच्या वेळा छापून येत. आपण रोज राशिभविष्याला जागा देता. त्याच पानावर बोटभर चौकट द्यावी: मुरगावच्या भरती-ओहोटीच्या वेळा आणि बंदरात आज कोणती जहाजे आहेत. दोन्ही माहिती जाहीर असते, पण ती मोबाइलवर शोधणे माझ्या वयाच्या अनेकांना जमत नाही. तोवर मी आजोबांनी शिकवलेला हिशेब वापरतो: तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ. चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा. वद्य पक्षात पुन्हा प्रतिपदेपासून मोजायचे. ढोबळ आहे, पण घरातून कधी निघायचे ते कळते.

एक गोष्ट आपल्या वार्ताहरांनीही पाहावी. फेरीच्या काही धक्क्यांवर आणि तळ्यांच्या बांधांवर टेकायला पाठ असलेले बाक नाही, सावली नाही, आसपास स्वच्छतागृह नाही. मी घडीचे स्टूल घेऊन फिरतो. माझ्या पत्नीला त्यावर अर्ध्या तासापेक्षा जास्त बसवत नाही आणि नेमकी पाणी उतरायला लागण्याच्या वेळी आम्हाला निघावे लागते.

उद्या एकादशी, म्हणजे सव्वाआठच्या सुमारास भरती. आम्ही साडेदहाच्या फेरीने चोडणला जाऊ, तोवर पाणी उतरून चिखल उघडा पडू लागलेला असेल.

आपला,
एक निवृत्त हिशेबनीस,
फोंडा